पीळ

"गम कोणी कापत नाही," व्हर्लन टिडवेल म्हणाला,
टोपी मागे सारून, ओंडक्याला बुटाने ढोसत.
"ओक आण, पाइन आण, अगदी हिकरी आण.
गम म्हणजे भांडखोर मेव्हणा,
घरात घ्यायचा तर छातीवर वजन ठेवून."

एप्रिलच्या वादळात ते आमच्या कुंपणावर पडलं.
सोळा वर्षं मी त्याची काटेरी बोंडं झाडत आले,
मागच्या अंगणात कधी अनवाणी चालले नाही.
मॉन्टिसेलोत ज्याला त्याला वाटलं, जाळून टाकावं.
ते धड जळतही नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

करवतीचा पट्टा आत शिरला
आणि आधी आलं पाणी.
मग भुसा, ओला, मुठीत कणकेसारखा बसणारा.
गाभा तांबूस, कडेला सायीचा रंग.
पहिली फळी सुटली
आणि तिचं एक टोक आपसूक पाव इंच वर आलं.
"बघ," तो म्हणाला, "कळलं तिला, सुटले म्हणून."

त्याने नखाने दाखवलं:
काही वर्षं धागे डावीकडे कलून वाढलेले,
त्यावर काही वर्षं उजवीकडे,
परत डावीकडे.
भांडण कुणी मिटवलं नाही,
दरसाल वरून नवं कडं चढवलं, इतकंच.
मला सुंभाची म्हण आठवली.
सांगायला गेले तर सुंभावरच अडले.
"दोर जळतो, पीळ राहतो," एवढंच म्हणाले.
तो करवत बंद करून म्हणाला,
"माझ्या भावाला ओळखत होतीस का तू?"

रचायला दोन दिवस लागले.
टोकांना रंग फासला, न्हाणीघराचा उरलेला पिस्ता,
कारण लाकूड टोकांतून घाईने सुकतं
आणि घाईने सुकलेलं तडकतं.
दर फुटावर एक पट्टी,
प्रत्येक थरातली खालच्या थरातल्या पट्टीच्या ओळंब्यात.
वर पत्रा, पत्र्यावर सिमेंटचे चोवीस ठोकळे,
आणि नवरा तीन वर्षं दुरुस्त करणार होता
ते वॉशिंग मशीन.

दर फुटावरच का, मी विचारलं.
हॉइट सोळा इंचांवर ठेवायचा, व्हर्लन म्हणाला.
यावरून दोघे एका शेडमध्ये अकरा वर्षं बोलले नाहीत.
हॉइट गेला तेव्हा त्याची एक थप्पी उरली होती.
"उघडलीस?"
"उघडली."
तो पट्ट्याचा नट आवळत राहिला.
"सरळ होती."

एका इंचाला एक वर्ष, असा हिशोब.
मीटरच्या दोन सुया मी दर महिन्याला रोवत गेले:
बावीस. एकोणीस. सतरा. सतरा.
सतराच, पूर्ण ऑगस्ट.
मग एका कोरड्या ऑक्टोबरात चौदा,
आणि आम्ही वॉशिंग मशीन उतरवलं.

सव्वीस फळ्यांपैकी एकोणीस शहाण्या.
सहा किरकोळ वाकड्या, रंध्याने ऐकतील अशा.
आणि एक, तळातली, सगळं ओझं अंगावर घेतलेली,
विमानाच्या पंख्यासारखी पिळलेली.
शेडच्या फरशीवर ठेवली तर
तीनच कोपरे टेकले.
चौथा दाबला की समोरचा उठायचा.

मी ती सरळ करायला निघाले होते.
"सरळ होत नाही ती," व्हर्लन म्हणाला, "आखूड काप.
सगळा पीळ आठ फुटांत आहे.
सव्वा फुटात किती उरेल, सांग."

सहा पाट निघाले.
बाकीच्या फळ्यांचं कपाट झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.
व्हर्लन जेवायला आला, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसला,
पण भाताचं पातेलं टेबलावर नको, पाटावर ठेवा म्हणाला.

पाच पाट जमिनीला घट्ट आहेत.
सहावा
जानेवारीत हीटर चालू असतो तेव्हा गप्प बसतो.
जूनमध्ये हवा ओली झाली
की बसल्याबसल्या खालून
टक्.